परमेश्वराची दुपारपाळी

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काहीएक संबंध नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दक्षिण नागपुरात हुडकेश्वरकडच्या एका कोपऱ्यावरच्या घरी, भर मे महिन्यात, दुपारी ठीक दोन वाजता, परमेश्वर ड्युटीवर रुजू होत असे. सदर घटनेचा मी साक्षीदार आहे. बनियनवर होतो, पण साक्षीदार आहे.

त्याला रुजू करून घेणाऱ्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. मिशनच्या हॉस्पिटलात सारी हयात नर्स म्हणून गेली, आणि आपण निवृत्त झालो ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांचे यजमानही त्यांना सिस्टरच म्हणायचे, त्यामुळे नवीन माणूस दोन मिनिटं गोंधळून उभा राहायचा. पांढरी सुती साडी, छातीवर उलटं टाचलेलं छोटं घड्याळ, आणि चाल अशी की पायांखाली फरशी असो की माती, वॉर्डच असावा.

भेटलं की त्या 'सलाम' म्हणून हात हातात घेत. मराठी ख्रिस्ती घरांत सलामच म्हणतात, त्यात नवल नाही. नवल पुढे होतं. बोलता बोलता त्यांची बोटं तुमच्या मनगटाकडे सरकत आणि नजर घड्याळाकडे. तुम्ही पाऊसपाण्याचं बोलत असता आणि त्या तुमचे ठोके मोजत असत. भाजीवाल्याची नाडी पाहिल्याखेरीज त्यांनी कधी भाव केला नाही. "जलद पळून राहिली तुयी नाडी. भाव चढवून सांगितला तू," असं म्हणून त्यांनी एकदा सांभार, म्हणजे कोथिंबीर, जवळजवळ फुकट आणला होता.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. कळमन्याच्या बाजारात एका अडतीवर मी मोसंबी-संत्र्यांच्या हर्रासात बोली पुकारायचं काम करतो. पहाटे जायचं, ढिगांवर उभं राहून घसा फोडायचा, दुपारी एकच्या आत घरी. माझा आवाज मागच्या वळणापर्यंत जातो अशी माझी ख्याती आहे आणि ती मीच पसरवली आहे. येताना मी सिस्टरसाठी चार फळं आणायचो. त्यांना चांगलं फळ चालत नसे. दाबलेलं, डाग पडलेलं हवं. चांगल्या फळाला माझी काय गरज, असं त्यांचं म्हणणं. ती दाबलेली मोसंबी त्या खिडकीत ओळीनं मांडत, खाली धुतलेलं फडकं, फडक्याचे कोपरे हॉस्पिटलच्या चादरीसारखे ताठ दुमडलेले. भरती करून घेतल्यासारखी.

आता मुख्य गोष्ट. हॉस्पिटलात पाळी संपली की जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला घेऊन खाटेखाटेपाशी जाते आणि प्रत्येक पेशंटचा हाल सांगते. ताप किती, जेवला किती, रडला का. त्या लोकांत ह्याला 'ओव्हर देणं' म्हणतात. सिस्टरची सकाळपाळी दोनला सुटायची. निवृत्तीनंतरही दोन वाजले की त्या मागच्या आंगणात कडुनिंबाखाली येऊन उभ्या राहत, पदर नीट करत, आणि समोर कोणी आल्यासारखं किंचित बाजूला सरकून वाट देत. मग देवाला ओव्हर देत. मोठ्यानं, आणि खास आमच्या नागपुरी बोलीत.

आमच्या घराचं फाटक पुढे मोठ्या रस्त्याकडे. मागे हे आंगण, आंगणाला लाकडी झापा, म्हणजे लहानसं फाटक, आणि झाप्यापलीकडे अरुंद बोळ, ज्यात आजूबाजूच्या सगळ्या घरांची मागची दारं उघडायची. सिस्टरच्या हिशेबात ती दारं नव्हती, खाटा होत्या.

"पहिली खाट," त्या सुरू करत. ही शेजारच्या वैनींची. "पापडं वाळले. सासूसंग बोलणं चालू झालं, पण तोंड अजून सुजूनच हाये. जरा पाहजो." मग बोळापलीकडची खाट, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. ह्यांच्या गच्चीवर पंचशील झेंडा, दारात बाबासाहेबांचा फोटो, आणि देव ह्या विषयावर त्यांचं मत एका शब्दाचं. सिस्टर ते लपवत नसत. "हा पेशंट तुले मानत नाई. तरी पाहून घेजो. खोकला हाये, बिडी चोरून ओढून राहिला." पलीकडून खोकला अर्ध्यात थांबायचा. काकांनी एकदा फाटकाशी येऊन सिस्टरना सांगितलं होतं की मी तुमच्या त्याला मानत नाही हे कायम आहे, पण काल तुम्ही माझा नंबर गाळला, ते बरोबर नाही.

सगळ्यात शेवटी मी. "वरची खाट. भूक बेज्या, लय खाते. खोटं बोलणं सकाळपासून चालू हाये. बायको सहन करून राहिली. औषध नाई ह्याले, फक्त नजर ठेव." मग त्या हात जोडत नसत, डोळे मिटत नसत. घड्याळाकडे बघून सांगत, "मायी ड्युटी झाली, प्रभू. आता तुयी." आणि वळून आत जात, चटईवर पडत, आणि क्षणात झोपत. अशी झोप की अंगावरून चिमणी चालली तरी हलायच्या नाहीत.

नागपूरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला ती दुपार कशी सांगू? रस्ता पांढरा होतो. कुत्री नालीत उतरतात. घराघरांतून कूलर एका सुरात घुमत असतात, वाळ्याचा ओला वास पडद्यांतून खोलीभर पसरतो, आणि माणूस झोपेच्या पाण्यात अर्धा बुडून तरंगत राहतो. त्या पाण्यात सिस्टरचा आवाज यायचा. शब्द कळायचे, कळायचे नाहीत. पापडं, खोकला, परीक्षा, कोणाचा गुडघा, कोणाचं लग्न. मला कितीदा स्वप्न पडायचं की मी एका लांबलचक वॉर्डात पडलोय, खिडक्यांतून मोसंबीचा उजेड येतोय, आणि कोणीतरी पायांत काही न घालता खाटेखाटेवरून फिरतंय. माझ्यापाशी ते थांबायचं. चादर नीट करून पुढे जायचं. हे स्वप्न मी वैनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की त्यांनाही तेच पडतं, फक्त त्यांच्या वॉर्डात सासूही आहे.

त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब एकदा चहाला आले. तरुण, सभ्य माणूस. त्यांनी हळूच सुचवलं की प्रार्थना दार लावून, एकांतात केलेली बरी. सिस्टरनी त्यांचा हात हातात घेतला, म्हणजे काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्या म्हणाल्या, "साहेब, दार लावलेल्या वॉर्डात घंटी ऐकू येत नाई." पाळकसाहेबांनी चहा संपवला. जाताना झाप्यापाशी घुटमळले आणि स्वतःच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगून गेले. दुसऱ्या दिवशी ओव्हरमध्ये एक नवी खाट आली.

मी खोडसाळ माणूस. मी विचारायचो, सिस्टर, वैनींच्या सासूचं तुम्ही कधीपासून सांगताय, फरक का पडत नाही? त्यांचं उत्तर ठरलेलं. "स्टाफ कमी असन." हे त्यांचं सगळ्याच प्रश्नांना उत्तर होतं. पाणी आलं नाही, स्टाफ कमी असेल. पाऊस लांबला, स्टाफ कमी. हॉस्पिटलात दुपारपाळीला कायम एकटीच नर्स असायची, सबंध वॉर्ड तिच्या अंगावर. वरही तसंच असणार असा त्यांचा होरा होता, आणि त्यामुळे देवाबद्दल त्यांना तक्रार नव्हती, व्यवसायबंधूबद्दल वाटते तशी सहानुभूती होती.

हे सगळं त्या शिकल्या एका म्हाताऱ्या मेट्रनकडून. नोकरी नवीन होती तेव्हा सिस्टरना पाळी सुटल्यावर घरी जाववायचं नाही. फाटकापर्यंत जायच्या आणि परत वळायच्या. एखादं लेकरू कण्हत असायचं, त्याच्या खाटेपाशी बसून राहायच्या. मेट्रननं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि सांगितलं की ओव्हर दिल्यावर वॉर्डात थांबायचं नाही. थांबलीस, म्हणजे पुढच्या नर्सवर तुझा भरवसा नाही. सिस्टर म्हणायच्या, साऱ्या उपदेशांत मला तेवढाच उपदेश उमगला. लोक देवाला ओझं देतात आणि मग त्याच्या मागोमाग फिरतात, नीट धरलं का ते पाहायला.

आणि फाटकाबाहेर मास्तर उभे असत.

मास्तर म्हणजे सिस्टरचे यजमान. सकाळच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. शाळा सुटली की घरी येऊन भाताचा कुकर लावायचे आणि दोन वाजता काळी छत्री घेऊन हॉस्पिटलच्या गेटवर हजर. उन्हाळा असो, पावसाळा असो. छत्री स्वतःसाठी नव्हतीच. जाताना ती मिटलेली असायची, येताना सिस्टरच्या डोक्यावर. स्वतः मास्तर बाजूनं उन्हात. सिस्टर सुटायला उशीर झाला तर विचारायला आत जायचे नाहीत. गेटवरच्या शिपायाला म्हणायचे, सुटल्या नाहीत अजून, थांबतो. त्यांचा सबंध संसार ह्या एका वाक्यावर उभा होता असं मला वाटतं.

आम्ही राहायला गेलो तेव्हाच मास्तर थोडे विसरायला लागले होते. आधी रंगांची नावं गेली. मोसंबं हातात घेऊन ते बराच वेळ बघत आणि म्हणत, "हा... हा सकाळचा रंग." मला ते खऱ्या नावापेक्षा बरं वाटायचं. मग माणसांची नावं गेली. मग घर. पण ते कधी कोणावर चिडले नाहीत. खिडकीत, त्या दाबलेल्या फळांशेजारी, भरती झालेल्यासारखे बसून राहायचे.

ज्या उन्हाळ्याचं मी सांगतोय त्यात ते पहिल्यांदा हरवले. दुपारी सिस्टर ओव्हर देऊन आत आल्या तर खिडकी रिकामी, पुढचं फाटक उघडं. कंडक्टरकाकांना ते सापडले मोठ्या रस्त्यावर, बसथांब्यापाशी, टिपूस सावली नाही अशा जागी. पायांत चपला नाहीत, हातात छत्री मिटलेली. काकांनी विचारलं कुठं निघाले मास्तर, तर म्हणाले, "सिस्टर सुटल्या असतील." घरी आणेपर्यंत अंग तव्यासारखं. सिस्टरनी त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, कांद्याचा रस तळव्यांना चोळला, आणि ताप उतरेपर्यंत त्यांच्या उशापासून हलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात पुन्हा असं ऊन लागलं तर सांगता येत नाही.

आणि ते पुन्हा गेले. बरोबर दोनला. त्या वेळी मी जिन्यावर होतो म्हणून फाटकातच धरलं.

गोम माझ्या बायकोच्या लक्षात आली. ती माझ्यासारखी बोलत नाही, त्यामुळे तिला ऐकू येतं. ती म्हणाली, ते घड्याळ पाहून उठत नाहीत, त्यांना घड्याळ कळतच नाही आता. सिस्टर मागे म्हणतात, "मायी ड्युटी झाली," आणि ते पुढे उठतात.

सिस्टरना आम्ही हे सांगितलं. त्या खिडकीतलं एक मोसंबं उचलून दुसऱ्या जागी ठेवत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून ओव्हर बंद.

तुम्हाला वाटेल, मग बरं झालं. पण मास्तर आता दुपारी केव्हाही उठू लागले. फाटकाला कुलूप लावता आलं असतं, मी नवं कुलूप घेऊनही आलो होतो. त्यांनी ते घेतलं नाही. माझ्या वॉर्डाला कधी कुलूप नव्हतं, म्हणाल्या. पुढच्या दाराशी, ऊन येतं तिथंच, खुर्ची टाकून बसू लागल्या. दुपारभर. आणि गल्लीतली झोप उडाली. दोन वाजले की कूलर घुमायचे, वाळ्याचा वास यायचा, आणि आपण डोळे उघडे ठेवून वाट बघत पडायचो. वैनी गच्चीवर विनाकारण फेऱ्या मारायच्या. कंडक्टरकाका मोठ्यानं खोकायचे, कोणीतरी काही बोलावं म्हणून. कोणी बोलायचं नाही. स्वप्नातला वॉर्डही बंद पडला.

सिस्टर वाळत चालल्या. ताठ चाल वाकली. एकदा तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नाडी पाहिलीच नाही. मी घाबरून वर येऊन बायकोला सांगितलं.

बायको खाली गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोघी बसल्या आणि मी वरच्या पायरीवर, दिसणार नाही असा, ऐकू येईल असा. बायको म्हणाली की मास्तरांना ऐकू जाईल म्हणून बोलत नसाल, तर मनात तरी देवाला सांगा. सिस्टर म्हणाल्या, "आमचं बोलणं बंद हाये."

बायकोला हसू आलं आणि आवरलं. मग तिनं त्यांचाच उपदेश त्यांच्यापुढे ठेवला. मेट्रन, भरवसा, ओव्हर दिल्यावर वॉर्डात थांबायचं नाही.

"पण त्यायचा ओव्हर मी दिलाच कुठं वं?" सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. वैनी, काका, मी, पाळकसाहेबांची आई, भाजीवाला. सगळ्या खाटा दिल्या त्यांनी, दररोज. मास्तरांची खाट त्या ओव्हरमध्ये कधीच नव्हती.

"काहून?" बायकोनं विचारलं.

आत मास्तर कोणाशी तरी हळू बोलत होते, बहुतेक मोसंब्यांशी.

"दिली अन् त्यानं नेले तर?" सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्यायले देते, कारण ते माये नाईत. हे एवढे मी ठेवून घेतले."

बायको वर आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हर्रासात कितीतरी वेळा पाहिलंय, एखादा शेतकरी सगळा माल ढिगात घालतो आणि एकच फळ धोतराच्या सोग्यात धरून उभा राहतो. का, ते त्याला विचारायचं नसतं.

मग तो दिवस आला. जेवणं झाली आणि वीज गेली. सगळ्या गल्लीतले कूलर एकदम बंद. असा सन्नाटा की नळाचा थेंब चार घरं पलीकडे ऐकू यावा. मी पंखा हातात घेऊन गॅलरीत आलो. आमची गॅलरी घराला वळसा घालणारी, एका टोकाहून पुढचा रस्ता दिसतो, दुसऱ्या टोकाहून मागचं आंगण. पाहतो तर पुढच्या दारातली खुर्ची तिथं नव्हती. सिस्टर ती ओढत मागे, कडुनिंबाखाली नेत होत्या. खुर्ची ठेवली. तिच्यापाशी उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आणि बाजूला सरकून वाट दिली.

आवाज लहान होता, पण त्या शांततेत तो प्रत्येक मागच्या दारात गेला असणार. पापड, खोकला, वरची खाट. माझ्याबद्दल म्हणाल्या की आजकाल गप्प असतो, हे चांगलं लक्षण नाही. मग घड्याळाला हात लावला.

"शेवटची खाट," त्या म्हणाल्या. "हे खाट मी तुले आजवर दिली नाई. काहून, ते तुले माहीत हाये, उगाच विचारू नको. पेशंटले रंग आठवत नाई, घर आठवत नाई. मी आठवते, पण ते तिथची, गेटवरची. इथं समोर बसली असली तरी मलेच आणाले जाते. मी लय पाहिलं, प्रभू. आता मायाच्यानं उभं राहवत नाई. न्यायचे असन तर ने. ठेवायचे असन तर ठेव. फक्त उन्हात नको उभे करू त्यायले. चपला घालत नाई ते."

आणि मग, अगदी सावकाश, "मायी ड्युटी झाली. आता तुयी."

त्या खुर्चीवर बसल्या. मान एका बाजूला कलली. मला वाटलं चक्कर आली, पण छातीवरचं ते उलटं घड्याळ संथ वर-खाली होत होतं. झोपल्या होत्या. तीच ती, चिमणी चालली तरी न हलणारी झोप. कपाळावरची घडी सैल पडत गेली, जशी पाण्यातून काढून वाळत टाकलेली साडी हळूहळू आपला आकार सोडते. कडुनिंबाची सावली त्यांच्या पदरावर हलत होती. इतका सुखी चेहरा मी कळमन्यात, सगळा माल चढ्या भावानं गेलेल्या माणसाचाही पाहिलेला नाही.

आणि पुढचं फाटक करकरलं.

मी गॅलरीच्या ह्या टोकाला धावलो. मास्तर निघाले होते. काळी छत्री, मिटलेली. अनवाणी. समोर पांढरा रस्ता उकळत्या दुधासारखा. मागे सिस्टर झोपलेल्या. मला फक्त एक हाक मारायची होती. माझा आवाज मागच्या वळणापर्यंत जातो, मी सांगितलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला तो काढवला नाही. ती झोप मोडायची कशी? मी जिना उतरलो, हातात मास्तरांच्या चपला घेतल्या आणि बनियनवर रस्त्यावर आलो.

मला वाटत होतं, ऐकणारा मी एकटाच.

कोपऱ्यावरून वैनी येत होत्या, हातात ओला टॉवेल, पाणी गळतंय. त्यांच्या मागे त्यांची सासू, जिच्याशी बोलणं नुकतं सुरू झालेलं, ती सुनेच्या डोक्यावर सूप धरून चालत होती. भाजीवाला रिकामा ठेला ढकलत येत होता, ठेल्यावर ताडपत्रीची सावली. माझी बायको माझ्या आधीच बाहेर पडली होती, तांब्यात पन्हं घेऊन. आणि सगळ्यांच्या पुढे कंडक्टरकाका, खांद्यावर दुपट्टा, मास्तरांच्या बरोबरीनं चालत, जणू रोजचंच.

मी वाकून चपला पुढे ठेवल्या, मास्तरांनी त्या घातल्या. वैनींनी टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला. ते चालत राहिले, आम्ही चालत राहिलो. उन्हात सगळं थरथरत होतं, माणसं, ठेला, सूप, आणि मला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं की मी जागा आहे की त्या लांबलचक वॉर्डात आहे.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी मास्तर उजवीकडे वळू लागले. तिकडे गेले तर संपलंच, तिकडे बसथांबा, तिकडे ऊन. त्यांना ओढून परत आणणं कोणाच्या हातून झालं नसतं. कंडक्टरकाकांनी घसा खाकरला आणि आपली सगळी नोकरी आवाजात आणून म्हणाले, "हॉस्पिटल गेटवाले इकडून चला. इकडून, मास्तर. गाडी इकडून जाते."

मास्तर थांबले. काकांकडे पाहिलं. नागपुरात वाढलेला माणूस कंडक्टरवर अविश्वास दाखवत नाही. ते डावीकडे वळले, घराला वळसा घालून मागच्या बोळात शिरले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे, त्या दारांवरून, त्या खाटांवरून. झाप्यापाशी काका उभे राहिले. झापा उघडून धरला. "हॉस्पिटल आलं," ते हळू म्हणाले. "उतरा."

मास्तर आत आले. कडुनिंबाखाली सिस्टर झोपलेल्या पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्यासारखं काही झालं नाही. जे दिसणार होतं तेच दिसलं, एवढंच. जवळ गेले, छत्री उघडली, ती आधीच सावलीत असलेल्या सिस्टरच्या डोक्यावर धरली, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सुटल्या नाहीत अजून. थांबतो."

मग आम्हीही थांबलो. बसलं कोणी नाही. वैनी, सासूबाई, भाजीवाला, बायको, काका, मी. छत्रीभोवती अर्धं कडं करून, एका झोपलेल्या बाईकडे पाहत, भर दुपारी. काकांना खोकला आला तो त्यांनी दुपट्ट्यात दाबला. पलीकडे चर्चच्या घंटेसारखं काही वाजलं नाही, आकाशातून काही उतरलं नाही, नुसती एक निंबोळी मास्तरांच्या छत्रीवर टप्पकन पडली.

पुढे तो रोजचा फेरा झाला. मास्तर होते तोवर, आणि त्यानंतर ते अजून दोन उन्हाळे होते, सिस्टर रोज मागे ओव्हर द्यायच्या, शेवटची खाट धरून, आणि मास्तर पुढून निघून, वळण घेऊन, झाप्यातून त्यांना न्यायला यायचे. रोज कोणीतरी बरोबर असायचं. आम्ही आपापसांत पाळ्या कधी ठरवल्या नाहीत, पण एक दिवस चुकला नाही. काका अखेरपर्यंत सांगत राहिले की मी त्याला मानत नाही, मी फक्त सोबत जातो. आणि मास्तर गेले ते उन्हात नव्हेत. ते एका हिवाळ्यात, सकाळी, चटईवर गेले. सिस्टरनी त्यांच्या चादरीचे कोपरे दुमडले, घड्याळ पाहिलं, आणि आम्हाला सांगितलं की नीट पोचले, ओव्हर आधीच दिलेला होता. रडल्या. आणि त्या दुपारी झोपल्याही.

पण ते नंतरचं. त्या पहिल्या दिवशी आम्ही कडं करून उभे होतो, आणि वीज आली. सगळ्या गल्लीतले कूलर एकदम घुमू लागले. त्या आवाजानं सिस्टरचे डोळे उघडले. त्यांनी आधी डोक्यावरची छत्री पाहिली. मग छत्री धरलेला हात, आणि त्या हातामागचे मास्तर. त्यांची बोटं सवयीनं त्या मनगटावर गेली आणि तिथंच राहिली. मग त्यांनी आम्हाला पाहिलं, एकेकाला, ओल्या टॉवेलपासून माझ्या बनियनपर्यंत. मग मान वर करून कडुनिंबाच्या फांद्यांतून जे दिसत होतं तिकडे पाहिलं, आणि एरवी देवाशी हिशेबानं बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून, सगळ्यांदेखत, निघून गेलं:

"बापा! दुपारपाळीले एवढा स्टाफ?"